सामायिक पेटी

रविवारी दुपारी लेकीने मला तिच्या व्हिडिओ गेममध्ये घेतलं. पडद्यावर एक गाव होतं. तिथे मालक कुणीच नाही. ज्याने जे पिकवलं ते त्याने सामायिक पेटीत टाकायचं आणि ज्याला जे लागेल ते त्याने काढून न्यायचं.

"आपल्या घरासारखंच," मी म्हटलं. "फक्त आपल्याकडे टाकणारी मी एकटी. बरं, जिंकायचं कसं?"

"जिंकायचं नसतंच गं. काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं."

पडद्यावरची माझी बाहुली माळावर उभी होती. समोर नदी, पलीकडे टेकडी, सगळ्या वाटा मोकळ्या. कामाशिवाय कुठे जावं हे मला काही केल्या सुचेना. इतक्या उघड्यावर जीव घुसमटायला लागला. शेवटी मी पेटीपाशी गेले आणि गहू एका बाजूला, लाकडं दुसऱ्या बाजूला लावायला घेतली. लगेच बरं वाटलं.

लेक हसली. "आई, इथेही आवराआवर? कुणी सांगितलंय का तुला?"

"कुणी नाही."

मग घरातलं तरी मला कुणी सांगितलं होतं, ते आठवून पाहिलं. एकही नाव पुढे येईना. उरलेली पेटी मात्र मी लावून पूर्ण केली.