गरिबी की पाणी? एका उन्हाळी संशोधनाचे किस्से

फील्डवर्कमधल्या ज्या गोष्टींना अहवालात जागा नसते, त्या डोक्यात साठत जातात. ‘सामाजिक न्याय’ या विषयावर उन्हाळी संशोधन करायला दिल्लीच्या कॉलेजातून मी माझ्याच गोंदिया जिल्ह्यात परतले. वाटलं होतं, देवरीकडच्या जंगलातली माणसं मुकी असतील आणि मी त्यांचा आवाज होईन. आवाज भरपूर होता. मलाच बोलायला मिळेना!

*

पहिल्या दिवशी सरपंचांनी विचारलं, "गरिबी की पाणी?"

"वनहक्क," मी म्हणाले.

"मंग सगुणाबाईकडे जा. पाण्यावाल्याइले आमी वरच्या टोल्यावर, तिकडच्या वस्तीत पाठवतो."

*

सगुणाबाई गोंड. जंगलाला लागून असलेली धानाची बांधी कसतात. मी प्रश्नावली वाचत होते, तर त्यांनी हात वर केला.

"थांब वो पोरी. सहावा काऊन सोडला?"

पान उलटून पाहिलं. खरंच सुटला होता!

*

माझी सहकारी इशिता बंगळुरूची. तिने कळवळून विचारलं, "आपको कितना अन्याय महसूस होता है?"

सगुणाबाई म्हणाल्या, "पाच में से सांगू का दहा में से? मांगच्या मॅडमचं दहाचं होतं."

*

महिलांची गटचर्चा ठेवली. सकाळी अकरा वाजता सात पुरुष आले.

"आमच्या बायाइले पूर्ण स्वातंत्र्य हाये," एक काका म्हणाले.

"मग त्या कुठे आहेत?"

"तेंदूपत्ता तोडून राहिल्या."

"तुम्ही नाही गेलात?"

"कसा जाऊ? मीटिंग होती ना!"

*

सगुणाबाईंचा वनहक्काचा दावा अडकला होता. त्यांचं घराणं कायद्याच्या आधीपासून ती बांधी कसतं, याचा पुरावा हवा होता. नाहीतर बांधी हातची जाणार. आधीच्या विद्यार्थ्यांनी पाठवलेले सगळे अहवाल त्यांनी पेटीतून काढले, फडक्यात बांधले आणि मला घेऊन तालुक्याचं ऑफिस गाठलं.

तिथल्या बाबूंनी शांतपणे पानं चाळली. "इथं शांताबाई हाये. इथं मीरा. इथं ‘एक आदिवासी महिला’. तुमी कोन?"

"सगळ्या मीच!"

"फोटोत चेहराच पुसलाय."

"तो बी माझाच!"

"नावानिशी काही आना, बाई. गावातल्या म्हाताऱ्यांचं लेखी चालते."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू मले काय नाव देलं वो?"

माझ्या मसुद्यात त्या ‘गौरी’ होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी ती बांधी कशी काढली, हे चार म्हाताऱ्यांनी मला तपशिलात सांगितलं होतं. त्या चौघांचीही नावं मी नियमाप्रमाणे बदलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीहून माझ्या मार्गदर्शक मॅडमचा मेसेज आला: ‘गोपनीयता तपासून मसुदा आजच पाठव.’

मी फोन बंद केला, सगुणाबाई आणि ते चार म्हातारे अशा पाचही जणांना अंगणात बोलावलं आणि बाबूंना नावानिशी लेखी देता यावं म्हणून संमतीपत्रावरची ‘ओळख गुप्त ठेवली जाईल’ ही ओळ त्यांच्यासमोर खोडली. सगुणाबाईंनी सगळ्यांत आधी सही केली. पूर्ण नाव, सासऱ्याच्या नावासकट.