हाइड म्हणजे लपणे

आमच्या घरी पाहुणे आले, चहा झाला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "तो गाडीचा किस्सा सांग ना." गाडीचा सांगितला की कातड्याचा निघतो, कातड्याचा निघाला की बादलीचा. किस्से म्हणजे स्वयंपाकघरातल्या पिशव्यांसारखे. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि फेकवत एकही नाही.

हे सगळे किस्से मारेगावातल्या एका खोलीतले. खाली आमच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, कृषी केंद्र. अण्णांनी कचेरीतली नोकरी मुदतीआधी सोडून बियाण्याचं दुकान टाकलं आणि त्याच हंगामापासून कापसाने मान टाकली. अण्णांचं टायमिंग हा आमच्या नातेवाइकांचा आवडता विषय होता. दुपारी दुकानात अण्णा आणि माशा, एवढीच वर्दळ.

वरच्या खोलीत विलास राठोड राहायचा. तांड्यावरून कॉलेज शिकायला आलेला. अण्णांनी त्याला खोली दिली ती एका अटीवर. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा, आणि जमलं तर आमच्या दादालाही करायला लावायचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ मिलिंद. तो नागपुरात इंजिनीअरिंगचे विषय ठेवून परत आला होता आणि सोबत एक खेळ घेऊन आला होता. एका जाड इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स आणि मूठभर फासे, त्यातला एक चक्क वीस तोंडांचा. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. दादा सूत्रधार. विलास चोर. मी तिरंदाज. आणि वणीहून दर रविवारी एसटीने येणारा शकील, ज्याच्या वडिलांचे ट्रक खाणीतला कोळसा वाहायचे, तो लोखंडी चिलखतातला योद्धा.

अण्णांच्या लेखी फासा म्हणजे जुगार. फाशाचा आवाज खाली गेला असता तर विलासची वळकटी संध्याकाळच्या एसटीला लागली असती, आणि एकदा तांड्यावर परत गेला म्हणजे कॉलेज संपलं. म्हणून आम्ही फासे चादरीवर टाकायचो. खेळातला चोर राजाच्या पहारेकऱ्यांपासून लपायचा, आणि आम्ही चौघं अण्णांपासून.

*

लपण्याच्या नियमांवर आमची जेवढी भांडणं झाली तेवढी सासू-सुनांची होत नाहीत. त्याचं मूळ दादाच्या भाषांतरात होतं.

झेरॉक्समध्ये एका चिलखताचं नाव होतं 'हाइड आर्मर'. दादाने ठणकावून सांगितलं, "हाइड म्हणजे लपणे. लपण्याचं चिलखत." विलासने ते ताबडतोब घेतलं. मग काय विचारता. विलासचा चोर भर चौकात उभा राहायचा. पहारेकरी शेजारून निघून जायचे. तो दरबारात गेला, राजाच्या ताटातलं उचलून खाल्लं, राणीच्या खोलीतला आरसा काढून आणला. आम्ही विचारलं की दादा म्हणायचा, "त्यानं लपण्याचं चिलखत घातलंय. दिसणार कसा?"

असं अख्खा हिवाळाभर चाललं. मग दादाचा एक नागपूरचा मित्र आला, खेळ बघत बसला, आणि हसून हसून भिंतीला टेकला. हाइड म्हणजे जनावराचं कातडं. ते साधं कातड्याचं चिलखत होतं.

विलासचं तोंड पाहण्यासारखं झालं. म्हणाला, "म्हणजे मी एवढे दिवस दरबारात बैलाचं कातडं घालून उभा होतो? अन् कोणी काहीच बोललं नाई?"

शकील शांतपणे म्हणाला, "खानदानी लोक आहेत बे ते. पाहून न पाहिल्यावानी केलं."

*

पुढे विलासने कातड्याचा नाद सोडला आणि डोकं लावलं. किल्ल्यात शिरायचं होतं. वेशीबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. विलास म्हणाला, मी एका गाडीत दडतो, गाडी आत गेली की मीही आत. दादाने फासा टाकायला लावला. वीसपैकी वीस! याहून चांगलं लपता येतच नाही.

शकीलने उगाच विचारलं, "गाडीत काय भरलंय?"

विलासच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कापूस."

दादाने पेन खाली ठेवलं. कापूस असेल तर गाडी खरेदीच्या रांगेत लागेल, प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने पास केली तरच आत जाईल, म्हणाला. बरं, लागू दे. मी माझी खेळी खेळले, शकील त्याची खेळला, पुन्हा विलासची पाळी आली. दादा म्हणाला, "गाडी रांगेत आहे. ग्रेडर आला नाही." पुढच्या पाळीला ग्रेडर आला होता, पण बारदाना संपला होता. त्याच्या पुढच्या पाळीला काटा बंद. मग ग्रेडर जेवायला गेला. मग कापूस ओला निघाला आणि गाडी रांगेच्या शेवटी गेली. हे सगळं आम्ही त्याच आठवड्यात खरेदी केंद्रापुढे डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. हसता हसता माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि थोडं दुसरंही काहीतरी दुखलं. विलासच्या घरची गाडी तेव्हा खरंच त्या रांगेत उभी होती.

पण सगळ्यात जास्त तोच हसत होता. चार वाजले तेव्हा विलासचा चोर गाडीतून उठून उभा राहिला आणि त्याने हात वर केले.

"मले पकडा," विलास म्हणाला, "पण आत न्या."

*

शकीलचं दुखणं वेगळं. त्याच्या योद्ध्याच्या अंगावर लोखंड, आणि त्याला जायचं असायचं चोरपावलांनी. पुस्तक म्हणे लोखंड वाजतं. शकील म्हणे चालणाऱ्यावर असतं. त्याने वणीचा हुकमी उपायही काढला होता, तोंडाला कोळसा फासायचा. दादा म्हणाला, कोळशाने दिसणं थांबेल, वाजणं कसं थांबेल?

अशा वेळी आमचा एक घरचा नियम होता. पटत नसेल तर करून दाखव.

शकीलने करून दाखवलं. विलासची बादली डोक्यावर, ताट पोटाला, कमरेच्या पट्ट्याला दोन्हीकडे लोटे. जिना उतरून परत वर यायचं, आवाज न करता. आणि खरं सांगते, अर्धा जिना तो असा उतरला की मांजराने शिकवणी लावावी. मग बादली डोळ्यांवर आली.

तो आवाज मारेगावच्या एसटी स्टँडवर ऐकू गेला, असं अजूनही लोक सांगतात. अण्णा गल्ला सोडून धावत आले. जिन्याखाली शकील, त्याच्या डोक्यात बादली, आणि वर आम्ही तिघं. विलास पांढराफटक पडला होता.

दादा म्हणाला, "अण्णा, प्रॅक्टिकल सुरू आहे."

अण्णांनी बादलीकडे पाहिलं, मग दादाकडे. "स्पर्धा परीक्षेले प्रॅक्टिकल कधीपासून लागलं?" एवढंच म्हणाले, आणि लोटा उचलून वर दिला.

*

माझाही एक छोटासा आहे. एका रविवारी दादा आणि विलास सावलीत उभा असलेला माणूस दिसतो की नाही यावर जुंपले होते. मला कंटाळा आला. मी उठले, खाली गेले, चहा केला, आईशी बोलले, कांदे चिरून दिले, चहा घेऊन वर आले. मी गेले होते हे कोणाला कळलंच नव्हतं. दादाने उलट विचारलं, "तुझी तिरंदाज सावलीत आहे का उन्हात?"

मी म्हटलं, मुलगी गप्प बसली की तिला सावली लागत नाही. रागच आला होता मला. पण त्या दिवसापासून माझ्या तिरंदाजाला लपायला फासा टाकावा लागला नाही.

*

चोरांची एक गुप्त भाषा असते, असं पुस्तकात होतं. विलास म्हणाला माझ्याकडे तयार आहे. तो गोरबोली, म्हणजे तांड्यावरची बंजारा बोली, बोलायला लागला. आम्हाला ओ की ठो कळेना, म्हणजे पहारेकऱ्यांनाही कळणार नाही, असं दादाने मान्य केलं. मग विलासने शकीलला गोरबोली शिकवली आणि दोघं त्यातच बेत आखायला लागले.

एका दुपारी बेत रंगात आला होता. बेत काय ते आम्हाला मागाहून कळलं: खेळातल्या गावचा नायक, म्हणजे मुखिया, झोपला की मागच्या दाराने शिरायचं, त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि पेटी उचलायची. विलास हातवारे करून सांगत होता. दारात विलासची याडी, म्हणजे आई, भाकरीचं गाठोडं घेऊन कधीची उभी होती. तिला शब्दन् शब्द कळत होता. आणि तांड्याचा नायक तिचा सख्खा मेव्हणा होता.

तिने गाठोडं खाली ठेवलं. विलासच्या कानशिलात दिली. मग शकीलच्याही दिली, तोही त्याच भाषेत बोलत होता म्हणून. मग चादरीवरच्या फाशांकडे एकदा पाहिलं, आणि एसटी पकडायला निघून गेली.

*

त्या पाहण्याने पुढचं सगळं घडलं. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला, विलास आणि दादा दोघांचाही नंबर नव्हता, आणि तांड्यावर बोभाटा झाला की विलास शहरात जुगार खेळतो. विलास म्हणाला, बापू, म्हणजे त्याचे वडील, येतील आणि मला घेऊन जातील. त्या रविवारी आम्ही बसलो ते शेवटचं म्हणूनच. नेहमीच्या भांडणाचा मात्र कोणालाच कंटाळा नव्हता.

विलासचा चोर खजिन्याच्या दाराआड उभा होता. पहारेकरी आला. दादा म्हणाला, पावलांचा आवाज झाला, पकडला गेलास. विलास म्हणाला, कायचा आवाज? दादा म्हणाला, चपलांचा, फरशी आहे. विलास म्हणाला, मी चपला घातलेल्या नाहीत. दादा म्हणाला, कशावरून? दोघंही उठून उभे राहिले. शेवटच्या दिवशी पकडलं जायचं नाही, यावर विलास हट्टाला पेटला होता, रडायच्या बेताला आला होता.

तेवढ्यात जिन्याच्या वळणावरून अण्णांचा आवाज आला.

"अरे, त्याच्या चोरानं चपला मांगच्या रविवारीच विहिरीत टाकल्या. आवाज कायचा येईन?"

आम्ही चौघं जागच्या जागी थिजलो. फासे चादरीवर उघडे पडलेले. शकीलने त्यावर हात ठेवला, पण आता काय उपयोग? वर कोणीच आलं नाही. अण्णांची पावलं सावकाश खाली उतरत गेली, कारण दुकानातून कोणीतरी हाक मारली होती.

तो विलासच्या बापूंचा आवाज होता. ते विचारत होते, पोरगा वर काय करतो, खरं खरं सांगा, मी त्याले न्यायले आलो.

"अभ्यास करून राह्यला," अण्णा म्हणाले. "मी सोता जिन्यावर बसतो. आजचा प्रश्न तं यायले सुटेच ना, मलेच सांगा लागला."