आईचं घर, माझा टॅक्स

प्रामाणिकपणामुळे माझी पाठ धरली, हे डॉक्टरांना अजून पटलेलं नाही.

आई सेलूच्या घरी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आम्ही तिला परभणीला आमच्याकडं आणलं. दिवसभर सांभाळायला गंगूबाई ठेवल्या. त्यांचा पगार निघावा म्हणून सेलूचं घर बोर्डे सरांना भाड्यानं दिलं. माणूस सोन्यासारखा! एक तारखेला भाडं माझ्या खात्यात, वर आईसाठी शेतातली ज्वारी.

पैसे माझ्या खात्यात, म्हणजे उत्पन्न माझंच! मी ते माझ्या रिटर्नमध्ये दाखवलं. (प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.) टॅक्स असा बसला, की गंगूबाईंना अर्धाच दिवस बोलवायची वेळ आली.

आईनं डोळ्याला पदर लावला. "माझ्या पायापायी लेकराला दंड व्हायलाय. मला ने त्या टॅक्सवाल्याकडं. मी हात जोडते."

टॅक्सचं काम बघणाऱ्या मॅडमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही! बोर्डे सर सेलूहून धावत आले. आईला खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी उचललं, मागून गंगूबाईंनी आधार दिला. पहिल्याच वळणावर माझा दम संपला.

"आरं, सरळ धरा की! मी काय भाजीची पाटी हाय?"

"आई, बोलू नको, वजन वाढायलंय!"

वर पोचलो. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "घर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या!" आई म्हणाली. "ह्याच्या वडलांनी माझ्याच नावानं घेतलंय."

"मग भाडं हे आजींचं उत्पन्न. आजी, दुसरं काही येतं का?"

"दुसरं कुठलं, बाई?"

"मग एवढ्यावर आजींना टॅक्सच लागत नाही! सर, मुदत आहे अजून, तुमचं रिटर्न दुरुस्त करू. टॅक्स परत मिळेल. भाडं मात्र आजींच्या खात्यात घ्या. आणि हे मी फोनवरही सांगितलं असतं!"

बोर्डे सर भिंतीला टेकून हसत सुटले. गंगूबाई आता दिवसभर राहणार होत्या! मला सगळ्यांच्याच पाया पडावंसं वाटलं. पण वाकता येत नव्हतं. मॅडम तर फी घ्यायलाही तयार होईनात.

"सर, ओळखलं न्हाई का? बारावीला अकाउंट्स तुमीच शिकवलं मला."

माझी छाती फुगली. "मग! तरीच म्हटलं, पाया एवढा पक्का कसा!"

त्या जरा चाचरल्या. "सर, नंतर... मी शिकवणी लावली."

आईनं त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"लय उपकार झाले, बाई! शिकवणी लावलीस म्हणून वाचलो आमी!"