पेन्सिलीनं काढलेला पाय

तिचं नाव पुकारलंच नाही. शेवटचा खोका वाटून झाला, टाळ्या झाल्या, आणि ती मुलगी तशीच उभी. पाय ओले. नवीन बूट मिळणार म्हणून नळावर जाऊन धुऊन आलेली. मी चार पावलांवर चहाची किटली धरून होते. तिचे बूट कुठे आहेत ते त्या हॉलमध्ये एकट्या मला ठाऊक होतं — आणि मी चहा ओतत राहिले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगतेय? कळत नाही.

मी कल्याणजवळच्या मोहन्याची. तेव्हा ठाण्याला एका कंपनीत चहा आणि साफसफाईला होते. दिवाळी आली की त्या ऑफिसला दानधर्म आठवायचा. त्या वर्षी कल्याणच्या पुढचं एक मुलींचं वसतिगृह धरलं होतं. भिंतीला कागदाचे छोटे कंदील लावलेले, प्रत्येकात एक चिठ्ठी — मुलीचं नाव, इयत्ता, काय हवं ते. ज्यानं कंदील काढला त्यानं ती वस्तू आणायची. कुणी कुठला काढला, याची यादी नव्हती. मी चिठ्ठ्या वाचत उभी राहिले, तर हे सगळं बघणारी मॅडम हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही नका हं यात पडू. तुम्हालाच आम्ही मिठाई देणार आहोत."

वाईट बोलली नव्हती. मग मला का लागलं? दरवर्षी मिठाईचा डबा घ्यायचा, थँक्यू म्हणायचं, फोटोला हसायचं — मी काय नुसती घेणारीच? संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एक कंदील काढला. मॅडमला बोलले नाही. माझ्याकडचा खोका बघून तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. मुलीचा विचार तेव्हा कुठे होता? होता का?

चिठ्ठीत लिहिलेलं — सुगंधा, इयत्ता चौथी, चालताना दिवे लागतात ते बूट. मागे मापासाठी पेन्सिलीनं पाय काढलेला. अंगठा जरा बाहेर गेलेला.

बूट मी आणले. हे खोटं नाही. कल्याणच्या बाजारात तो कागदी पाय तळाला लावून लावून बघितला. घरी आले, बूट ठेवले, पाणी भरायला गेले — येऊन बघते तर नात ते घालून नाचतेय. फरशीवर लाल-निळे दिवे. बरोब्बर माप. सून म्हणाली, "अगं बघ, आजीनं स्वतःहून काहीतरी आणलं! आज सूर्य कुठे उगवलेला?" टोमणाच, पण खूष होती. मी म्हणायला हवं होतं — काढ, ते दुसरीचे आहेत. मी म्हणाले, "ओले करू नकोस."

वाटपाला अजून चार दिवस होते. दुसरे आणणं जमलं नाही म्हणून सुटता येईल मला, पण तसं नाही. मॅडमला एक शब्द टाकला असता — माझ्यानं नाही होत, तुम्ही बघा — तर तासाभरात कुणीही आणले असते. पण मग ती म्हणाली असती ना, मावशी, मी सांगत होते. ते ऐकायचं नव्हतं. एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठीच.

वाटपाच्या दिवशी वसतिगृहाच्या हॉलमध्ये मॅडमनं विचारलं, "अरे, सुगंधाचा कंदील कुणी घेतलेला?"

ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं, "कुलकर्णीच असणार! हा बायकोचा वाढदिवसपण विसरतो."

हशा. तो बिचारा आईची शपथ घेत होता. माझ्याकडे बघायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही — आणि मला त्याचा राग आला. चूक माझी, वर राग माझाच. कशाचा, ते अजून समजत नाही.

"तुझे पुढच्या आठवड्यात पाठवते हं, बाळा," मॅडम म्हणाली. पाठवले का? मी विचारलं नाही.

आभाराची कार्डं मुलींकडून आधीच लिहून घेतलेली, देणाऱ्याच्या हातात द्यायला. एक उरलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या ट्रेमध्ये आलं. "मावशी, हे टाकून द्या." माझी शाळा चौथीतच सुटली, पण तेवढं वाचता येतं. ‘बूट खूप आवडले. मला बरोबर बसले. मी रोज घालते. मी तुमची आभारी आहे.’

कार्ड माझ्या ट्रंकेत आहे. नातीचे बूट कधीच फाटले, दिवे तर त्याआधीच गेलेले. कार्ड टाकवत नाही. ठेवायचा मला काय अधिकार? तेही माहीत नाही. ते आभार कुणाचे म्हणायचे?

त्या दिवशी मी कप गोळा केले आणि कंपनीच्या बसनं परत आले. मला काहीही झालं नाही. हॉलमध्ये हात रिकामे राहिलेली मुलगी एकच होती. सुगंधा, इयत्ता चौथी. रडली नाही. धुतलेल्या पायांनी परत जाऊन रांगेत बसली.