गाडीत राहिलेली चप्पल

गुरुदासदादाला दवाखान्यात नेलं हे कळलं तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात तांबड्या भाजीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होतो. फोनवर वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, ह्यांका अँब्युलन्सीन न्हेलां..." आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा, तर चालवतंय कोण? आमच्या घरात अँब्युलन्स म्हणजे दादा. तो तिच्यात आडवा असू शकतो हे माझ्या डोक्यात शिरेचना. मी पोचेपर्यंत तो गेला होता.

दादा माझ्या मावशीचा मुलगा. गोवा घटकराज्य झालं त्या सुमारास पेडण्याकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात तो अँब्युलन्सचा चालक म्हणून लागला आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिला. भरल्या ताटावरून उठून जायचं, चवथीला आरती अर्धी टाकून जायचं, उचलाउचल करून पाठ धरलेली... वहिनी कंटाळली. घरातला वजनदार माणूस म्हणून तिनं गाऱ्हाणं माझ्याकडे आणलं. मी डिचोलीत साधा कारकून. वजन होतं ते पोटाचं. तरी चार जणांच्या हातापाया पडून मी दादाची बदली आमच्या कचेरीच्या जीपवर करून घेतली. दहा ते पाच, रविवारी सुट्टी. दादा आठ दिवस आला. साहेबांची वाट बघत झाडाखाली जीपमध्ये बसून राहायचा. नवव्या दिवशी अर्ज देऊन जुन्या जागी परत गेला. कचेरीत माझी शोभा झाली ती झालीच, पण वहिनीला दिलेला शब्दही गेला. सहा महिने मी त्याच्याशी बोललो नाही.

अबोला त्यानंच मोडला. एका रविवारी सकाळी स्कूटर घेऊन दारात उभा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकच चप्पल. "चल, चोपड्याक जावया." आजारी माणसाला उचलून नेताना कधी कधी एक चप्पल गाडीत गळून पडते. दादा ती जपून ठेवायचा आणि आठ-दहा दिवसांनी घरी नेऊन द्यायचा. हे मला त्या दिवशी कळलं.

चोपडे गावात नदीकाठच्या एका घराच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. आता आभार मानले जाणार म्हणून मी चेहरासुद्धा संकोचल्यासारखा करून ठेवला. म्हाताऱ्यानं चप्पल उलटसुलट करून बघितली.

"तूच ना रे तो? गाडी हाकतंस काय रेडे? कंबरेचे तुकडे केलंस माझ्या."

दादा मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. परतताना मात्र स्कूटरवर इतका हसला, की मी त्याची कंबर घट्ट धरली. "इतक्यो गाळी घालता म्हणजे बरो आसा."

"ह्या शिव्यांसाठी तू साहेबांची जीप सोडलीस?"

त्यानं स्कूटर हळू केली. मग म्हणाला, "आमी मनशाक हॉस्पिटलाच्या दारात सोडतांव. फुडे काय जाला, ता आमका कोण सांगणा नाय. नुसताच विचारूक गेलो तर घरचे घाबरतत. चप्पल हातात आसली की जाता येता."

"आणि माणूस गेला असला तर?"

"तरी न्हेवची. घराकडे दुसरी आसता..."

मी जीपचा विषय पुन्हा काढला नाही.

बारावं होऊन काही दिवस झाले होते. संध्याकाळी मी वहिनीकडे बसलो असताना अंगणात पन्नाशीची एक बाई आली. दादाला नेणाऱ्या अँब्युलन्समधली परिचारिका, दुसऱ्याच केंद्रातली. हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. दारातून तिला हार घातलेला फोटो दिसला आणि ती तिथंच थांबली.

"गाडीत रवलेली," ती हळूच म्हणाली. "आमच्यात तशी पद्धत आसा. ती पद्धत कोणी घातली, माका ठाऊक नाय."

मी सांगायला तोंड उघडलं. आमच्या घरात बोलायचं काम माझंच. पण त्या दिवशी मी नुसती खुर्ची पुढे ओढली. वहिनीनं तिला बसवलं, चहा आणि उंडा पाव पुढे केला.

"किती वर्सां गे तुका ह्या कामात?"

"सोळा जाली."

"दमणस नाय?"

"दमतंय तर." ती बशीकडे बघत राहिली. "घरची सोड म्हणतत."

हे वाक्य वहिनीनंच कितीदा म्हटलं होतं. ती उठली, बाईच्या कपात आणखी चहा ओतला. "सावकाश पी," म्हणाली. "ते आसते तर तुका आधी गाडी कशी हाकली ता विचारते."

बाई गेल्यावर वहिनीनं गुंडाळी सोडली. दाराशी दादाची उजवी चप्पल अजून होती, कोणी हलवली नव्हती. तिच्याशेजारी तिनं डावी ठेवली, आणि दोन्हींची तोंडं रस्त्याकडे केली.