थाळ्याची सहावी बाजू

इब्राहिमभाई गेल्याचं मला सकाळी चहाच्या वेळी कळलं. गावाहून त्यांच्या धाकट्या मुलाचा फोन आला आणि तो बराच वेळ नुसती माझीच चौकशी करत राहिला. गुडघा कसा आहे, साखर किती असते, फिरायला जाता का... तेव्हाच मी समजलो. आमच्याकडे वाईट बातमी देणारा आधी समोरच्याच्या गुडघ्यापासून सुरुवात करतो. मी दुबईत अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी उभा होतो. बाहेर थंडीतलं दाट धुकं होतं, समोरच्या इमारतीचे वरचे मजले त्यात गेले होते, आणि खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज. फोन कानाला असतानाच मला वाटलं, आता भाई ओरडतील, "आवाज दे रे, आवाज दे." साठ वर्षांपूर्वी अशाच धुक्यात ते आमच्या फुटबॉल संघाच्या पाच जणांना पळवायचे आणि मी ते लांबून ऐकायचो. त्या पाचांत मी नव्हतो. त्याचा राग मी किती वर्षं धरला, हे आता सांगायलाही लाज वाटते.

तेव्हा अमिरात हे नावही जन्मलं नव्हतं. दुबई म्हणजे खाडीच्या दोन काठांवरची वस्ती, मध्ये अब्रा नावाच्या होड्या, आणि पलीकडे वाळू. मुंबईहून येणारी आगबोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माणसं, पोती, पेट्या सगळं बार्जमधून आत यायचं. मी उतरलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि वाटेत पोटात काही टिकलं नव्हतं. धक्क्यावर इब्राहिमभाई न्यायला आले होते. ते आमच्याच गावचे, दाभोळच्या खाडीवरचे, माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, बार्जवर माल मोजून घेण्याचं काम करायचे. त्यांनी माझी ट्रंक उचलली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चल, आधी जेव." मी तेव्हा निमूटपणे जेवलो. पुढे मात्र याच एका गोष्टीवर मी त्यांच्याशी जन्मभर आडमुठेपणा केला.

आमच्या संघाबद्दल काय सांगू? आम्ही हरायचो. कधीतरी हरायचो असं नाही, दर शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर खाडीमागच्या खारट मैदानावर जमायचो आणि पद्धतशीरपणे हरायचो. बलुची आम्हाला हरवायचे, इराणी दुकानदार हरवायचे, बँकेतले गोरे साहेब तर हसत हसत हरवायचे. त्या काळी पुढे पाच जण खेळायचे, पाच जणांची आघाडीची फळी. आमच्या फळीने एका अख्ख्या मोसमात एकही गोल केला नव्हता. वारा उलटा होता, वाळू तापली होती, चेंडूत हवा कमी होती, अशी कारणं आम्ही आलटून पालटून द्यायचो. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. संघ कोकणातल्या, दाभोळ खाडीकाठच्या पाच गावांच्या जमातींनी मिळून उभा केला होता. जमात म्हणजे प्रत्येक गावच्या लोकांची मंडळी, आणि तिचे वडीलधारे. कोणाच्या मनात किंतु नको म्हणून त्यांनी ठरवलं होतं की पुढच्या फळीत प्रत्येक गावाचा एक माणूस. पाच गावं, पाच जागा. पाठीमागे कोणीही खेळा, पाठीमागच्याचं नाव गावच्या पत्रात कोण लिहिणार? झालं असं की चेंडू पायाशी आला की तो आपल्या गावाचा व्हायचा. डावीकडे दुसऱ्या गावचा माणूस मोकळा उभा असला तरी त्याला देणं म्हणजे आपल्या गावाने केलेला गोल शेजारच्या गावाला आंदण देणं. तीन जण अंगावर आले तरी चालतील, चेंडू जायचा नाही. आमच्या गावाच्या जागेवर मी होतो, मधोमध. मीही कोणाला देत नव्हतो. तरी मनातल्या मनात मला खात्री होती की या पाचांत आपण जरा बरे आहोत.

इब्राहिमभाई गोलात उभे राहायचे. पाच जणांची पाठ त्यांना सबंध वेळ दिसायची, आणि त्यांना बोलायला कोणी नसायचं. उन्हाळा संपता संपता, बँकवाल्यांनी आमच्यावर सहा गोल चढवले त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी मंडळींना आपल्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे खजुराच्या झावळ्यांची झोपडी, जमिनीवर चटई, कोपऱ्यात स्टोव्ह. पाचही गावचे वडीलधारे तोंडं गंभीर करून बसले होते.

"फळी नव्याने बांधायची," भाई म्हणाले. "गावाप्रमाणे नाही. खेळाप्रमाणे."

"मग आधी जागा कोणाची जाणार?" एका म्हाताऱ्याने विचारलं. प्रश्न साधा होता, पण खोलीतली हवाच बदलली. दुसऱ्या गावाचं नाव निघालं असतं तर तिथेच संघ मोडला असता.

"आमच्या गावाची," भाई शांतपणे म्हणाले. "मेहबूब बसेल. त्याच्या जागी काशिनाथ मेस्त्री. बाकीच्यांचं पुढे बघू, इन्शाल्ला."

मेहबूब म्हणजे मी. मी दारात उभा होतो, चहाचे पेले हातात घेऊन. काशिनाथ हा मालवणचा सुतार, खाडीवर गलबतांची डागडुजी करायचा, आमच्या पाच गावांपैकी कुठलाच नाही आणि आमच्या धर्माचाही नाही. सगळ्यांनी भाईंकडे पाहिलं. मग हळूहळू मान हलली, कारण ज्याने आपलीच जागा सोडली त्याच्याशी भांडायचं कसं? मी पेले चटईवर ठेवले आणि बाहेर पडलो. भाई मागून आले नाहीत. त्यांनी यायला हवं होतं असं मला वाटलं, पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. सगळ्यांसमोर सांगण्याआधी एकदा बाजूला घेऊन मला म्हणाले असते तर...

मग त्यांनी फळी कशी बांधली, ते मी लांबूनच पाहिलं. तेही न पाहिल्यासारखं करून. थंडीत पहाटे मैदानावर धुकं उतरायचं. फजरचा नमाज झाला की ते पाच जणांना त्यात सोडायचे. चेंडू दहा पावलांवर दिसेनासा व्हायचा. मग ज्याच्याकडे चेंडू असेल तो थांबायचा आणि बाकीच्यांनी आवाज द्यायचा. आवाजावर चेंडू द्यायचा. धुक्यात गाव दिसत नाही, असं भाई म्हणायचे म्हणे. मी खाडीवरच्या गोदामाची कुलुपं काढायला त्याच वाटेने जायचो. डाव्या हाताला सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून नावं ऐकू यायची... हसन, काशिनाथ, मध्येच चामड्याच्या चेंडूचा ओला आवाज, पुन्हा काशिनाथ. कितीदा तरी मी वाटेत थांबलो. माझं नाव कोणी घेतं का, हे ऐकायला थांबत होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट थाळ्याची. भाईंनी गावाहून कोणाकडून तरी तांब्याचा कल्हई केलेला मोठा थाळा मागवला होता. दुपारच्या सुट्टीत पाचही जणांनी त्यांच्या खोलीत एकाच थाळ्यात जेवायचं. एका थाळ्यात जेवणं आम्हाला नवं नव्हतं, नवा होता तो भाईंचा नियम. मध्ये भाताचा ढीग, त्यावर सुरमईचे तुकडे, आणि आपल्या हाताने आपल्या पुढ्यात तुकडा ओढायचा नाही. दुसऱ्याने सरकवला तर खायचा. पहिले दोन दिवस पाचही जण नुसता भात आणि सार जेवून उठले. मासा मध्ये तसाच. तिसऱ्या दिवशी काशिनाथला राहवलं नाही. "अरे, मासळी वाया घालवताय काय?" असं म्हणून त्याने एक तुकडा समोर बसलेल्या दुसऱ्या गावच्या हसनच्या पुढ्यात ढकलला. हसनने त्याच्याकडे पाहिलं आणि एक परत ढकलला. तिथून सुरू झालं. नंतर नंतर तर कोणाला पोटाचा तुकडा आवडतो आणि कोणाला शेपटीकडचा, हे न विचारता कळायला लागलं. हे सगळं मला काशिनाथनेच सांगितलं. त्याच्यावर मी रागावू शकत नव्हतो, तो इतका सरळ माणूस होता. त्यानेच हेही सांगितलं होतं की थाळ्याभोवती पाच जण बसले तरी भाई एक बाजू मोकळी ठेवायला लावतात. भाई स्वतः मागून वाढायचे आणि शेवटी स्टोव्हपाशी बसून वेगळे जेवायचे. मला वाटलं, वाढायला वाट हवी म्हणून मोकळी ठेवत असतील.

बँकवाल्यांशी पुन्हा गाठ पडली तेव्हा मी मैदानाच्या टोकाला मिठाच्या ढिगाऱ्यावर बसलो होतो. मी कोणाचा सामना बघायला आलोच नव्हतो, वारा खायला आलो होतो. ऊन उतरलं होतं, खाडीतून एक शिडाचं गलबत चाललं होतं, आणि त्या पिवळ्या उजेडात सगळेच थोडे तरंगल्यासारखे दिसत होते. हसनच्या पायात चेंडू आला. समोर दोघे साहेब. पूर्वीचा हसन त्यांच्या अंगावर गेला असता. या हसनने मान वरही न करता चेंडू उजवीकडे सोडला, काशिनाथने तो तसाच आत ढकलला, आणि तिसऱ्याने, म्हणजे तिसऱ्या गावाने, गोल केला. पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी मैदानात होतो, अर्ध्यापर्यंत पळत आलेलो, हात वर. पाच जण एकमेकांच्या गळ्यात पडले होते. मी थांबलो. माझं तिथे काय काम होतं? हात खाली घेतले आणि मागे फिरलो. गोलातून भाई माझ्याकडे बघत होते. त्यांना सबंध मैदान दिसायचं.

त्या दिवशी आम्ही जिंकलो. म्हणजे ते जिंकले. दिवस मावळल्यावर, मगरिबनंतर काशिनाथ माझ्या खोलीवर आला.

"भाईंनी बोलावलंय. थाळा मांडलाय. जागा आहे म्हणाले."

"जेवून आलोय, सांग," मी म्हणालो.

मी जेवलो नव्हतो. सकाळपासून पोटात एक पाव होता. काशिनाथला ते दिसत असणार, स्टोव्ह गार होता. तो दारातूनच परत गेला.

संघ पुढे चांगला खेळला, मग माणसं पांगली, आणि ते मैदानही गेलं. भाईंशी माझं बोलणं सुरू झालं, कारण परक्या मुलखात गाववाल्याशी किती दिवस अबोला धरणार? माझ्या लग्नात ते पुढे होते, माझ्या मुलाच्या नोकरीसाठी त्यांनी चार ठिकाणी शब्द टाकला. पण फुटबॉलचा विषय दोघांनीही काढला नाही. आणि त्यांच्या घरी मी कधी जेवलो नाही. इथे नाही, ते परत गेल्यावर गावीही नाही. ते विचारायचे, "जेवणार?" मी म्हणायचो, "जेवून आलोय, भाई." चहा घ्यायचो, खारी बिस्किटं खायचो. सुरुवातीला राग होता, नंतर तो गेला, पण सवय राहिली, आणि सवय मोडायची म्हणजे राग होता हे कबूल करायचं. मी तिरकस माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी शेवटचे भेटलो तेव्हा ते पलंगावर पडून होते. मी दारातून आत आलो तर माझा हात धरून स्वतःच म्हणाले, "मेहबूब, जेवून आलायस ना?" आणि हसले. मीही हसलो. मला वाटलं, चेष्टा करतायत.

मागच्या आठवड्यात भाईंच्या चाळिसाव्या दिवसासाठी गावी गेलो. दुआ झाली, पाहुणे गेले, मीही निघालो. जुलेखाभाभी आतून जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन आल्या. थाळा होता. कल्हई बरीच उडालेली.

"हा तुम्ही न्या," भाभी म्हणाल्या. "मुलं टेबलावर जेवतात. हे याच्यातच जेवायचे, आणि याची एक बाजू कधी कोणाला बसू दिली नाही. नातवंडं विचारायची, इथे का नाही बसायचं? तर म्हणायचे, इथे मेहबूब बसतो."

मी खुर्चीवर बसलो.

"तुम्हाला ते कधी बोलले नाहीत ना?" भाभी पुढे म्हणाल्या. "मला सांगायचे. त्या पाचांत खेळणारा एकच होता, मेहबूब. पण दुसऱ्या गावच्याला बसवलं असतं तर फळी राहिलीच नसती. बसवायचं तर आपल्याच माणसाला बसवता येतं, म्हणायचे. मी म्हटलं, मग हे त्यालाच सांगा की. तर म्हणाले, सांगेन, जेवायला बसला की सांगेन."

साठ वर्षं त्यांनी माझी जेवायला वाट पाहिली. आणि मी खारी बिस्किटं खात होतो.

थाळा मी सामानात कपड्यांमध्ये घालून इकडे आणला. काल दुपारी सुनेला म्हटलं, यात वाढ. ती म्हणाली, "बाबा, कल्हई तरी करून आणूया, इथेच रास अल खोरला कोणीतरी करणारा असेल." मी म्हटलं, आज असंच वाढ. तिने त्यात केळीचं पान घातलं, वर भात, सार, सुरमई. मी, ती, मुलगा आणि माझी नात सारा, चौघे खाली सतरंजीवर बसलो. माझ्या शेजारची बाजू मी मोकळी ठेवली. सगळे जेवायला लागले. मी भात कालवला आणि हात आवरून बसलो.

"दादा, व्हाय आर यू नॉट ईटिंग?" साराने विचारलं.

"खातोय ना," मी म्हटलं. "मासा आपला आपण घ्यायचा नसतो. कोणीतरी सरकवावा लागतो."

"हू सेज?"

मी शेजारच्या मोकळ्या बाजूकडे पाहिलं. साराने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग त्या मोकळ्या बाजूवर सरकून बसली, आणि एका बोटाने पोटाचा तुकडा माझ्या पुढ्यात ढकलला.

मी जेवलो, भाई.