मी चोरून पोळी खाते म्हणे!

जूनमधल्या एका सोमवारी, गुडगावच्या एका हॉस्पिटलात, पंचविशीतल्या एका मुलीनं मला खोटारडी ठरवलं. शब्द तो वापरला नाही... पण डोळे बारीक करून विचारलं, "आंटी, सच सच बताना, घर में चुपके से रोटी खा लेते हो ना?"

मी अडुसष्ट वर्षांची. अकरा वर्षं कॉन्व्हेंटात नन्सच्या हाताखाली शिकलेली, जिथे न केलेल्या पापाचीही कबुली द्यावीशी वाटायची. आणि ही पानिपतची डाएटिशियन माझ्याकडे असं बघत होती, जणू पर्समध्ये मी पराठा लपवलाय!

आधी थोडं मागचं सांगते. मला सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन माझ्या शरीराला चालत नाही... आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही.

हे कळायला सहा वर्षं लागली, आणि त्याला जबाबदार माझं पोट. ते इतकं ठणठणीत की विचारू नका. ना गॅस, ना दुखणं, ना धावाधाव. प्रत्येक डॉक्टर विचारायचा "पेट कैसा है?" आणि मी अभिमानानं सांगायची, "फर्स्ट क्लास!"

हिमोग्लोबिन मात्र आठाच्या वर सरकेना. लोहाच्या गोळ्या खाऊन झाल्या, सलाइनमधून लोह घेऊन झालं. तोंड सतत आलेलं, केस गळतायत, आणि संध्याकाळी भाजी आणायला गेलं तर मध्येच कुणाच्यातरी गाडीला टेकून उभं राहायचं.

"उम्र का तकाज़ा है," असं मला चार डॉक्टरांनी सांगितलं. त्यातले तीन माझ्याहून म्हातारे दिसत होते. बाकीच्या डॉक्टरांनी सगळं दिल्लीच्या हवेवर ढकललं... इथे ती एक सोय आहेच.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी साधा प्रश्न विचारला. इतकं लोह आत जातंय, मग ते रक्तात का पोचत नाही? त्यांनी एक रक्ततपासणी सांगितली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला, आणि निदान झालं. "पण माझं पोट उत्तम आहे!" मी जवळजवळ भांडलेच. त्या म्हणाल्या, "बहुतों का होता है, मैम."

तर गहू बंद. पोळी, ब्रेड, रवा, शेवया, बिस्किटं... सगळं. पोळपाट-लाटणं नवं, चाळणी नवी. अरविंद, म्हणजे माझा नवरा, बिचारा माझ्याबरोबर ज्वारीची भाकरी शिकला. त्याची माझ्यापेक्षा जास्त गोल होते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आठ महिने हे इमानदारीत केलं, आणि त्या सोमवारी रिपोर्ट आला. अँटीबॉडीज, म्हणजे गहू पोटात जातोय हे रक्तात दाखवणारी खूण, जेमतेम खाली, हिमोग्लोबिन नऊ. म्हणून तो चोरीचा आळ.

डॉक्टरीणबाई आळ घेत नव्हत्या. पण त्या म्हणाल्या की गहू खरंच बंद असेल तर मग दुसरं काहीतरी शोधावं लागेल, पुन्हा एंडोस्कोपी करावी लागेल. "दुसरं काहीतरी" म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. घरी येताना टॅक्सीत वाटलं... खोटारडी असते तर किती बरं झालं असतं!

घरी पोचेपर्यंत मात्र भीतीचा संताप झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं स्वयंपाकघर डायनिंग टेबलवर मांडलं. अरविंदनं जन्मभर सरकारी फायली तपासल्या आहेत. तो भिंग आणि लाल पेन घेऊन बसला आणि एकेका पाकिटावरची बारीक अक्षरं वाचू लागला. दुपारपर्यंत सगळे पास.

"मसाल्याचा डबा राहिला," तो म्हणाला.

"त्यात काय बघायचंय? हळद, मोहरी, हिंग... सत्तर वर्षं खातोय आपण!"

"मग आणखी पाच मिनिटांनी काय बिघडतंय?" त्यानं हिंगाची डबी उचलली, भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मग हळूच म्हणाला, "अगं... यात हिंग नावालाच आहे. बाकी गव्हाचं पीठ."

आमच्याकडे हिंग कशात नसतो? पोह्यांत, वरणात, भाजीच्या फोडणीत, ताकात! पोळी गेल्यापासून वरणभात वाढला होता, म्हणजे हिंगही वाढला होता. दुसऱ्या कुणाचं पोट कदाचित पहिल्याच आठवड्यात बोंबललं असतं. माझं पोट गप्प राहून मजेत जेवत होतं.

मी तडक त्या मुलीला फोन लावला. हिंगाचं सांगितल्यावर ती आपली यादी चाळू लागली. मग बारीक आवाज आला, "आंटी... हमारी तो लिस्ट में हींग है ही नहीं।" आणि लगेच, "सॉरी आंटी. पक्का वाला सॉरी."

आता तांदळाच्या पिठातला हिंग शोधून काढलाय. काही महिने तोच खाल्ला, आणि परवा नवा रिपोर्ट आला. अँटीबॉडीज धाडकन खाली, हिमोग्लोबिन अकराच्या वर, आणि ती दुसरी एंडोस्कोपी रद्द! डाएटिशियनच्या छापील यादीत आता हिंग आलाय, तोही ठळक अक्षरांत.

तुमचंही हिमोग्लोबिन गोळ्या खाऊन हलत नसेल, तोंड सारखं येत असेल, तर पोट छान आहे म्हणून गप्प बसू नका... डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि तपासणीआधी आपल्या मनानं गहू सोडू नका, नाहीतर तपासणीत काही सापडायचं नाही.

त्या मुलीवर माझा थोडा राग अजून आहे. पण नुसती घाबरले असते तर मुकाट्यानं एंडोस्कोपीच्या टेबलावर जाऊन पडले असते. तिनं चीड आणली, म्हणून उठून कामाला लागले. तेव्हा थँक यू, बेटा... मनापासून.